इंग्रजीतील ‘व्हॉइस’ आणि मराठीतील प्रयोग : कर्त्याच्या स्थानाचा विचार

१. प्रास्ताविक

इंग्रजी व्याकरणातील ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ म्हणजे मराठीतील कर्तरी प्रयोग आणि ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग, हे समीकरण माध्यमिक शाळेपासून विद्यार्थ्यांच्या मनात रुजलेले असते. महाविद्यालयीन स्तरावर भाषांतर आणि व्यावहारिक मराठी यांचे अध्यापन सुरू झाले, की या समीकरणाचे परिणाम दिसू लागतात. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून दिलेले असते. त्यामुळे त्याचे इंग्रजी रूप ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ असेच व्हावयास हवे, असे विद्यार्थ्याला वाटते. उलट दिशेने ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस’ या वाक्याचे मराठी रूप तो ‘चोर पोलिसांकडून पकडला गेला’ असे करतो. पहिल्या भाषांतरात साध्या विधानाला नसलेला भार येतो. दुसऱ्यात मराठीला परका वाटणारा घाट येतो.

ही केवळ भाषांतरातील अडचण असती, तर तिचा विचार अभ्यासपुस्तिकेपुरता पुरेसा झाला असता. परंतु क्रिया कोणी केली हे वाक्य सांगते की झाकते, या प्रश्नाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. मराठीत कर्ता कोठे उघड होतो आणि कोठे नाहीसा होतो, हे वरील समीकरणामुळे दिसेनासे होते. प्रस्तुत निबंधात प्रथम दोन्ही भाषांतील रचनांचा भेद स्पष्ट करून, नंतर मराठीत कर्ता लोपण्याचे मार्ग कोणते आहेत याचा विचार केला आहे. अखेरीस बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधाच्या वाचनाला या विवेचनाचा कोणता उपयोग होतो, हे पाहिले आहे.

२. इंग्रजीतील पॅसिव्ह रचनेचे स्वरूप

इंग्रजीत वाक्यातील उद्देश्य मुख्यतः स्थानावरून ओळखले जाते. क्रियापदापूर्वी येणारे नाम ते उद्देश्य आणि नंतर येणारे ते कर्म, असा सर्वसाधारण क्रम आहे. नामांना विभक्तिप्रत्यय जवळजवळ उरलेले नसल्यामुळे हा क्रम सहजासहजी मोडता येत नाही. कर्माला वाक्याच्या आरंभी आणावयाचे, तर क्रियापदाचेच रूप बदलावे लागते. ‘बी’ या साहाय्यक क्रियापदाचे योग्य रूप, मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आणि गरज असल्यास ‘बाय’ने जोडलेला कर्ता, अशी ही रचना होते.

या रचनेची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे, की ती काळावर अवलंबून नाही. वर्तमान, भूत व भविष्य या तिन्ही काळांत ती सारखीच सिद्ध होते. दुसरे असे, की ती वक्त्याच्या निवडीवर अवलंबून आहे. एकच घटना कर्त्याच्या बाजूने सांगावी की कर्माच्या, याचा निर्णय बोलणारा घेतो. ‘व्हॉइस’ या संज्ञेचे मर्म या निवडीत आहे. तिसरे असे, की कर्त्याचा उल्लेख ऐच्छिक ठरतो. किंबहुना कर्ता अज्ञात, बिनमहत्त्वाचा किंवा सांगण्यास गैरसोयीचा असेल, तेव्हा ही रचना विशेष उपयोगी पडते.

इंग्रजीत गौण कर्मालाही उद्देश्यस्थान देता येते. ‘ही वॉज गिव्हन अ बुक’ हे वाक्य निर्दोष आहे. मराठीत ‘तो पुस्तक दिला गेला’ असे म्हणता येत नाही. ‘त्याला पुस्तक दिले गेले’ असेच म्हणावे लागते. दोन्ही भाषांतील रचना एकाच साच्यातून निघालेल्या नाहीत, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

३. मराठी व्याकरणातील प्रयोगविचार

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या व्याकरणविषयक निबंधांतून आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथातून प्रयोगविचाराला सविस्तर रूप मिळाले. या परंपरेपुढे दोन आदर्श होते. संज्ञा संस्कृत व्याकरणातून आल्या होत्या, तर नव्या शाळांतील शिक्षणक्रमामुळे इंग्रजी व्याकरणाची मांडणीही नजरेसमोर होती. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ हा ग्रंथ लिहिला, तो मराठी व्याकरणाची मूलभूत फेरतपासणी करण्याच्या भूमिकेतून.

मराठीत प्रयोग ठरतो तो मुख्यतः क्रियापदाच्या अनुसरणावरून. क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलले तर कर्तरी. कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलले तर कर्मणी. दोहोंपैकी कोणालाच न अनुसरता नपुंसकलिंगी एकवचनी राहिले तर भावे. ‘मुलगी आंबा खाते’, ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘शिपायाने चोराला पकडले’ ही अनुक्रमे तिन्हींची उदाहरणे होत. ही व्याख्या अनुसरणाची आहे, दृष्टिकोनाची नाही. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ मात्र दृष्टिकोनाशी निगडित आहे. वर्गीकरणाचे हे दोन निराळे निकष एकमेकांवर बसविण्यातून पुढचा सारा गोंधळ उद्भवतो.

४. भूतकाळातील कर्मणी रचना

‘मुलीने आंबा खाल्ला’ या वाक्याचा इतिहास पाहिला, तर ते मुळात कर्मप्रधान रचनेतून आले आहे यात शंका नाही. संस्कृतातील भूतकालवाचक ‘क्त’ प्रत्ययान्त धातुसाधित सकर्मक धातूंच्या बाबतीत कर्माचे विशेषण होई आणि कर्ता तृतीयेत जाई. प्राकृतांतून येताना या रूपांना ‘ल’युक्त प्रत्यय जोडला गेला आणि मराठीचा ‘-ला, -ली, -ले’ हा भूतकाळ सिद्ध झाला. ‘ने’ हा प्रत्यय व कर्माशी जुळणारे क्रियापद या त्या रचनेच्या खुणा आहेत.

परंतु उत्पत्ती एक आणि आजचे कार्य दुसरे. आजच्या मराठीत या वाक्यातील ‘मुलीने’ हे पद उद्देश्याचीच सारी कामे करते. यासाठी तीन कसोट्या लावता येतील.

पहिली कसोटी निवडीची. ‘अ मँगो वॉज ईटन’ म्हणणाऱ्यापुढे ‘शी एट अ मँगो’ हा पर्याय खुला असतो. मराठी वक्त्यापुढे तसा पर्याय नसतो. ‘मुलगी आंबा खाल्ली’ असे प्रमाण मराठीत म्हणता येत नाही. जेथे निवड नाही, तेथे दृष्टिकोनाचा बदलही नाही. वर्तमानकाळात कर्तरी व भूतकाळात कर्मणी, ही येथे भाषेने काळानुसार केलेली वाटणी आहे.

दुसरी कसोटी ‘आपला’ या सर्वनामाची. ‘मुलीने आपली वही शोधली’ या वाक्यात ‘आपली’ हे पद मुलीकडे निर्देश करते. ‘मुलगी आपली वही शोधते’ या कर्तरी वाक्यातही नेमके तसेच घडते. क्रियापद कोणाशी जुळते यावर हा निर्देश अवलंबून नाही.

तिसरी कसोटी ‘-ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिताची. ‘सुताराने रानात जाऊन लाकूड तोडले’ यात जाणारा सुतारच. लाकूड हे खरोखर उद्देश्य असते, तर ‘जाऊन’चा संबंध त्याच्याशी जोडला गेला असता. इंग्रजीत ‘हॅविंग गॉन टू द फॉरेस्ट, द वुड वॉज कट’ ही रचना सदोष ठरते, ती याच कारणाने.

याचा अर्थ असा, की मराठी भूतकाळातील ही रचना रूपाने कर्मणी असली, तरी अर्थकार्याने ‘ॲक्टिव्ह’ आहे. आधुनिक भाषाविज्ञानात अशा रचनेला ‘अर्गेटिव्ह’ म्हणतात. अकर्मक क्रियेचा कर्ता एका रूपात आणि सकर्मक क्रियेचा कर्ता दुसऱ्या रूपात ठेवणे, हे तिचे लक्षण. हिंदी, गुजराती यांसारख्या भगिनीभाषांतही पूर्णतावाचक रूपांपुरती ही व्यवस्था आढळते.

प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांना प्रमाण मराठीत हा ‘ने’ लागत नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’ यांत ‘मी’चे रूप एकच राहते. म्हणून विद्यार्थ्याला दोहोंतील भेद जाणवत नाही. वऱ्हाडी बोलीत मात्र ‘मी जातो’ परंतु ‘म्या भाकर खाल्ली’ असा भेद ऐकू येतो. हे ‘म्या’ म्हणजे जुन्या मराठीतील ‘म्यां’ या तृतीयेच्या रूपाचा वारसा होय. मलकापूरकडे खानदेशी वळणाचा आणि देऊळगाव राजा–सिंदखेड राजाकडे मराठवाडी वळणाचा शेजार असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अशुद्ध ठरवून सोडावयास लावलेले हे रूप व्याकरणदृष्ट्या अधिक बोलके आहे. प्रयोगविचार शिकविताना त्याचा दाखला आवर्जून द्यावयास हवा.

द्वितीय पुरुषी वाक्यांत आणखी एक विशेष दिसतो. ‘तू पोथी वाचलीस’ यात ‘वाचली’ हे रूप पोथीला अनुसरते आणि अखेरचा ‘स’ ‘तू’ला. परंपरेने यास कर्तृकर्मसंकर म्हटले आहे. एकाच क्रियापदात कर्ता व कर्म दोघांचीही नोंद ठेवणारी ही रचना इंग्रजीच्या द्विभागात कोठेच बसत नाही.

५. इतर विसंगती

प्रयोग दृष्टिकोनावर अवलंबून नाही, याचे प्रत्यंतर काही धातूंतून येते. शिकणे, विसरणे, पिणे हे धातू कर्म घेतात. तरी त्यांचा भूतकाळ कर्तरी होतो. ‘ती मराठी शिकली’, ‘मुलगी कविता विसरली’, ‘तो पाणी प्याला’. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ ही दोन्ही रूपे तर शेजारी-शेजारी नांदतात. पहिले कर्तरी, दुसरे तसे नाही. पण सांगणाऱ्याची दृष्टी दोहोंत एकच आहे. ‘त्याने म्हटले’चे भाषांतर कोणी ‘इट वॉज सेड बाय हिम’ असे करणार नाही. मग ‘रामाने आंबा खाल्ला’चे तसे भाषांतर करण्यास तरी आधार कोणता?

भावे प्रयोगाला तर इंग्रजीत समकक्ष रचनाच नाही. ‘शिपायाने चोराला पकडले’ या वाक्यात कर्म ‘ला’ प्रत्ययाने बांधले गेल्यामुळे क्रियापद कोणालाच अनुसरत नाही. क्रियापद तटस्थ राहिले, म्हणून कर्ता तटस्थ होत नाही; शिपाई आपल्या जागी ठाम असतो.

६. मराठीतील खरी पॅसिव्ह रचना

इंग्रजी पॅसिव्हशी तुलना करता येईल अशी रचना मराठीत ‘जाणे’ या साहाय्यक क्रियापदाने होते : ‘रावण रामाकडून मारला गेला’. तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र तिच्या वापराला मर्यादा आहेत. त्यांपैकी मुख्य मर्यादा ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाची आहे. मराठीत ‘कडून’ला स्वतःचे अर्थ आहेत. ‘मालकाने मजुराकडून शेत नांगरून घेतले’ यात ते दुसऱ्याकरवी केलेली क्रिया दाखविते. ‘माझ्याकडून कपबशी फुटली’ यात ते हेतू नसल्याचे सांगते. म्हणजे मराठी ‘कडून’ हे कर्त्याचे कर्तेपण अनेकदा सौम्य करते. इंग्रजी ‘बाय’ तसे करीत नाही. ‘बाय’साठी यांत्रिकपणे ‘कडून’ वापरले, तर ठाम आरोप निसरडा होण्याचा संभव असतो.

मग ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस’ याचे स्वाभाविक मराठी रूप कोणते? ‘चोराला पोलिसांनी पकडले’ हेच. मराठीत विभक्तिप्रत्यय शाबूत असल्यामुळे कर्म आरंभी आणण्यास क्रियापदाचा घाट बदलावा लागत नाही. शब्दक्रम बदलला की पुरे. ‘आंबा रामाने खाल्ला’ या वाक्यात आंब्याविषयी बोलणे चालले आहे, आणि रामही ठळकपणे उभा आहे. कर्त्यासह येणाऱ्या बहुतेक इंग्रजी पॅसिव्ह वाक्यांना मराठीचे उत्तर हे आहे.

‘-व-’ प्रत्ययाने होणाऱ्या शक्य कर्मणी व शक्य भावे रचनांचा इंग्रजी पॅसिव्हशी अर्थतः संबंध नाही. ‘आजीच्याने आता जिना चढवत नाही’ यात सामर्थ्याचा अभाव सांगितला आहे. ‘जाणे’ने होणाऱ्या रचनेतही नकारार्थी वाक्यात ही छटा येते : ‘माझ्याच्याने हे औषध प्यायले जात नाही’. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी दक्षिण आशियाई भाषांतील या रचनांचा तौलनिक अभ्यास केला आहे आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठीच्या इंग्रजी व्याकरणातही त्यांची दखल आहे.

जुन्या मराठीत याहून निराळी, प्रत्ययाने होणारी कर्मणी रचना होती. संस्कृत ‘य’ आणि प्राकृत ‘इज्ज’ यांतून आलेला ‘-इजे’ हा तिचा प्रत्यय. परंपरा तिला पुराणकर्मणी म्हणते. लोणार व मेहकर या बुलढाणा जिल्ह्यातील स्थळांशी निगडित लीळा ज्यात आहेत, त्या तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’च्या काळात ही रचना भाषेत जिवंत होती. पुढे ती मागे पडली. परंतु ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ हे दोन शब्द तिच्या खुणा म्हणून आजही प्रत्येकाच्या तोंडी आहेत. ‘म्हणजे’ याचा मूळ अर्थ ‘म्हटले जाते’ असा. वक्त्याला मात्र त्यात कर्मणी रचना जाणवत नाही. रूपाची उत्पत्ती आणि आजचे कार्य यांत अंतर पडते, हे सूत्र येथेही दिसते.

७. कर्ता लोपतो कोठे?

वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मराठीत ज्याला कर्मणी म्हणतात, त्या भूतकाळी रचनेत कर्ता झाकला जात नाही. उलट ‘ने’ प्रत्यय लावून तो अधिक स्पष्टपणे पुढे येतो. मग मराठीत कर्ता लोपतो कोठे? मुख्यतः दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण ‘-ण्यात येणे’ ही रचना. ‘आपणास कळविण्यात येते की’, ‘निर्णय घेण्यात आला’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ ही कार्यालयीन मराठीची ओळख झाली आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि इंग्रजीतून चालणारा पत्रव्यवहार मराठीत आणण्याचे मोठे काम झाले. त्या इंग्रजी पत्रव्यवहारातील पॅसिव्ह रचनांना ही मराठी रचना सोयीचा पर्याय ठरली. संशोधनपर लेखनाची भाषाही तिच्यापासून मुक्त नाही.

या रचनेचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. ती कर्त्याचे नाव झाकते, परंतु हेतू झाकत नाही. ‘वादळाने झाड पडले’ असे म्हणता येते. ‘वादळाकडून झाड पाडण्यात आले’ असे म्हणता येत नाही. ‘झाड पाडण्यात आले’ म्हटले, की कोणीतरी ठरवून पाडले, हे ऐकणाऱ्याला कळते. कोणी, एवढेच कळत नाही. पीक विम्यासाठी अर्ज केलेल्या शेतकऱ्याच्या हाती ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ असे पत्र येते, तेव्हा निर्णय झाल्याचे त्याला समजते; दाद कोणाकडे मागावी हे त्या वाक्यातून समजत नाही. ‘तालुका समितीने आपला अर्ज नामंजूर केला’ या वाक्यात ते समजले असते. हे दुसरे वाक्य व्याकरणाच्या हिशेबी कर्मणीच आहे. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असे शिकलेल्या विद्यार्थ्याला या दोन वाक्यांतील भेद सांगता येत नाही. कारण त्याच्या लेखी दोन्ही एकाच कप्प्यातील आहेत. या समीकरणाची खरी किंमत ही आहे.

दुसरे ठिकाण याहून अधिक खोल आहे. ते म्हणजे अकर्मक क्रियापदे आणि त्यांवर रचलेले वाक्प्रचार. फोडणे–फुटणे, पाडणे–पडणे, मोडणे–मोडणे, जाळणे–जळणे अशा जोड्या मराठीत विपुल आहेत. ‘घर जाळले गेले’ आणि ‘घर जळले’ या वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात कर्ता सांगितलेला नाही. पण त्याची जागा रिकामी दिसते आणि ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उठतो. दुसऱ्यात ती जागाच उरलेली नाही. पॅसिव्ह रचना कर्त्याला पडद्याआड ठेवते. अकर्मक रचना त्याला घटनेतूनच वजा करते.

८. ‘स्त्री-पुरुष तुलना’च्या वाचनासाठी

ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर दीर्घकाळ विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केला आणि १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले.

या निबंधाच्या विषयाचा भाषिक अंगाने विचार केला, तर प्रयोगविचाराचा उपयोग लक्षात येतो. अशा प्रसंगी लोकव्यवहारातील मराठी कोणती वाक्ये वापरते ते पाहावे. ‘विधवेला दिवस गेले’, ‘तिचा पाय घसरला’, ‘तिचे पाऊल वाकडे पडले’. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत आणि पुरुष कोठेही नाही. क्रियेला कर्ता म्हणून ‘दिवस’ आहेत, ‘पाय’ आहे, ‘पाऊल’ आहे. स्त्री आहे ती चतुर्थीत किंवा षष्ठीत, म्हणजे ज्या देहावर घटना घडते त्याची मालकीण या नात्याने. मात्र पुढचे वाक्य एकदम बदलते : ‘तिने मूल मारले’. येथे ‘ने’ प्रत्ययासह कर्ता ठळकपणे उभा राहतो. घटनांच्या साखळीतील पहिली क्रिया कर्त्यावाचून घडते आणि शेवटची तेवढी कर्त्यासह. जबाबदारीची वाटणी न्यायालयात होण्यापूर्वी वाक्यात झालेली असते.

ताराबाईंचा युक्तिवाद या वाटणीच्या मुळाशी जातो. ज्या दोषांसाठी स्त्रियांना दूषण दिले जाते, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि स्त्रीला आडमार्गाला नेणारा कोण, याचीही विचारणा त्या करतात. पुरुषवर्गाला थेट उद्देशून बोलण्याची त्यांची पद्धती येथे अर्थपूर्ण ठरते. द्वितीय पुरुषी संबोधनात कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. ‘ती फसली’ हे एक वाक्य. ‘तिला फसवण्यात आले’ हे दुसरे. ‘तुम्ही तिला फसवलेत’ हे तिसरे. ही वाक्ये निबंधातील नसून भेद दाखविण्यासाठी येथे रचलेली आहेत. पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात तो आहे, पण अनामिक. तिसऱ्यात तो समोर उभा केलेला आहे आणि क्रियापदाच्या अखेरचा ‘त’ त्याची पुन्हा साक्ष देतो. ताराबाईंच्या निबंधाचा प्रवास पहिल्या प्रकारच्या वाक्याकडून तिसऱ्याकडे आहे. त्यांच्या भाषेच्या आवेशाविषयी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या आवेशाला हा वाक्यरचनेचा पायाही आहे.

अशा मजकुराच्या इंग्रजी भाषांतरात एक पेच उभा राहतो. ‘दिवस गेले’ याला इंग्रजीत ‘बिकेम प्रेग्नंट’ हा पर्याय कर्त्याविना चालतो. परंतु ‘पाय घसरला’ याचा आशय सांगताना इंग्रजीत ‘वॉज सिड्यूस्ड’सारखी पॅसिव्ह रचना येण्याचा संभव असतो. तसे झाले, तर मूळ वाक्यात नसलेली कर्त्याची रिकामी जागा भाषांतरात निर्माण होते. म्हणजे पॅसिव्ह रचना येथे कर्ता झाकण्याऐवजी त्याची उणीव दाखवून देते. भाषांतर अधिक न्याय्य वाटते. मूळ वाक्यप्रचाराने केलेला अन्याय मात्र त्यात पुसला जातो. भाषांतरकाराने दोहोंपैकी काय जपावे, याला ठरीव उत्तर नाही. पेच कोठे आहे हे ओळखण्यासाठी मात्र दोन्ही व्याकरणे वेगवेगळी समजलेली असली पाहिजेत.

९. अध्यापनविषयक सूचना

पदवी व पदव्युत्तर स्तरावर हा विषय शिकविताना चार गोष्टी करता येतील. कर्तरी–कर्मणी–भावे हे वर्गीकरण अनुसरणाचे आहे, हे आरंभीच स्पष्ट करावे आणि ‘ॲक्टिव्ह–पॅसिव्ह’ या संज्ञा त्यापासून वेगळ्या ठेवाव्यात. वाक्याचा प्रयोग ओळखून झाल्यावर ‘कर्ता सांगितला आहे का? नसल्यास त्याची जागा शिल्लक आहे का?’ हे दोन प्रश्न विद्यार्थ्याला विचारावेत. इंग्रजी पॅसिव्हच्या भाषांतरात शब्दक्रम, अकर्मक धातू, ‘-ण्यात येणे’ आणि ‘जाणे’ या चारही मार्गांतून निवड करावयास सांगून निवडीचे कारण लिहून घ्यावे. बोलीतील ‘म्या’सारखी रूपे चुका म्हणून न पाहता व्याकरणाचा पुरावा म्हणून वर्गात आणावीत.

१०. समारोप

इंग्रजीतील पॅसिव्ह रचना आणि मराठीतील कर्मणी प्रयोग यांचे समीकरण रूपाच्या बाह्य साम्यावर उभे आहे. निवड, ‘आपला’चा निर्देश आणि ‘-ऊन’चा संबंध या कसोट्यांवर ते टिकत नाही. मराठी भूतकाळातील कर्मणी व भावे रचनांत कर्ता प्रत्ययासह उघड असतो. तो अनामिक होतो ‘-ण्यात येणे’ या रचनेत आणि वजा होतो अकर्मक वाक्प्रचारांत. इंग्रजीच्या वर्गीकरणाने मराठीकडे पाहणाऱ्याचे लक्ष कर्मणी प्रयोगावर खिळते आणि जेथे पाहावयास हवे तेथे ते जात नाही. शासकीय पत्र असो, वृत्तपत्रातील बातमी असो किंवा १८८२ साली एका वऱ्हाडी स्त्रीने लिहिलेला निबंध असो; क्रिया कोणाची, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा लागतो. तो विचारण्याचे साधन विद्यार्थ्याच्या हाती देणे, हे व्याकरणाच्या अध्यापनाचे काम आहे.